ओलं भंगार

जालन्याच्या एमआयडीसीवर रात्रभर आकाश तांबडं असतं,
त्यामुळे आमच्याकडून तारे दिसत नाहीत,
असं मी मुलाखतीत सांगितलं तेव्हा समितीतले हसले.
मी खरंच तेवढंच सांगत होते.

तारे मला आकड्यांतून भेटले.
लोखंडापर्यंत तारा स्वतः पेटत पोचतो,
पुढे जाळून काही हाती लागत नाही.
पुढचं बहुतेक, बेरियम, लॅन्थॅनम, सराफ्यातलं सोनं,
न्यूट्रॉन गिळून गिळून होतं.
कधी एकामागून दुसरा यायला शंभर वर्षं.
तेवढ्यात अणू बसल्या जागी जात बदलतो
आणि कुणी दाखला मागत नाही.

पुस्तकात याला ग्रहण म्हणतात, न्यूट्रॉन-ग्रहण.
मी मोठ्यानं वाचत होते. वहिनी तेव्हा पोटुशी,
तिनं भाजी चिरायची थांबवून विळी मिटली.

माझं काम एवढंच:
लॅन्थॅनमचं केंद्रक न्यूट्रॉनला केवढं दिसतं ते काढणं.
केवढं आहे ते नव्हे. केवढं दिसतं.
एककाचं नाव बार्न, म्हणजे धान्याचं कोठार.
त्या कोठाराचे हजार भाग केले
तर लॅन्थॅनमच्या वाट्याला तीसेक.
त्याच्या घरात ब्याऐंशी न्यूट्रॉन आधीच नीट मांडून बसलेले,
नव्या पाहुण्याची दारातूनच बोळवण.

माझं गणित म्हणत होतं तीस.
तस्नीमचं मोजमाप म्हणत होतं एक्केचाळीस.

तीन आठवडे आम्ही एकमेकींशी सरळ बोललो नाही.
तिनं नमुन्यामागचा सोन्याचा पत्रा पुन्हा तोलला.
मी पातळ्यांची घनता जरा ओढून पाहिली,
आणखी जराशी ओढली
तर एक्केचाळीस आलं असतं.
कुणाला कळलंही नसतं.

बाबा रात्रपाळी करून आले. सव्वीस वर्षं भट्टीवर,
हजेरीपटावर मुंजाजी, बाकी सगळ्यांना मुंजाभाऊ.
"काय अडलंय?"
सांगितलं, समजेल तसं.
"जास्तच यायलंय? दर खेपेला जास्तच?"
हो.
"मग माल ओला असंल.
ओलं भंगार भट्टीत गेलं की उडतंय.
आमी आधी हात लावून बघतो."
त्यांच्या डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत
केस उगवत नाहीत.

लॅन्थॅनमची भुकटी पांढरी असते,
हवेतली ओल पीत बसते.
गोळी दाबली तो दिवस वहीत सापडला, मंगळवार.
त्या दिवशी नळ आला होता, अकरा दिवसांनी,
आणि सगळा विभाग पिंपं भरायला पळाला होता,
तस्नीमही, बरणी उघडी टाकून.
पाण्यातला हायड्रोजन धावत्या न्यूट्रॉनचा जोर मोडतो,
आणि रेंगाळत आलेल्याला केंद्रक मोठं दिसतं.

सबंध मराठवाड्यात पाणी जास्त झालं म्हणून
चुकलेला हा एकच हिशेब असेल.

मिलच्या तपासणी-खोलीतली छोटी भट्टी
ठोंबरे केमिस्टनं आम्हाला रात्री वापरू दिली,
"मालकाला सांगू नका" एवढ्या अटीवर.
नऊशे अंश, चार तास.
बाहेर सळया लाल धावत होत्या.
गोळी गरम असतानाच सीलबंद केली,
मग ती पुन्हा दूरच्या यंत्राकडे गेली, तस्नीमच्या डब्यात,
रात्रीच्या गाडीनं.

दीड महिन्यानं तिचा निरोप:
तेहतीस, अधिक-उणे दीड.
खाली पिंपाचं चित्र काढलेलं.

तीस आणि तेहतीस.
बाबा म्हणाले, "तीन तर जळतीतच जातंय.
तेवढी घट आमी धरतो."
म्हटलं, इथे घट धरता येत नाही.
ते तीन कुठंतरी आहेत. बहुतेक माझ्याच बाजूला.
"मग हुडीक," म्हणाले, आणि बूट काढले.
बुटातून फरशीवर लोखंडाची खपली पडली,
काळी, नखाएवढी.

केरसुणी आणायला उठले
तेव्हा मोरीतला नळ नुसता सूं सूं करत होता.
उद्या येईल बहुतेक.